आत्याचं बाकडं

चपला काढायला व्हरांड्यातल्या बाकावर टेकले आणि हात आपोआप मागं गेला. पाठीच्या वरच्या फळीवरून अंगठा सरकत सरकत एका अर्धगोल खाचेत जाऊन बसला. वळून बघायची गरजच नव्हती. मधल्या काळात या बाकावर रंगाचे किती हात फिरलेत कोण जाणे, आताचा तर अगदी भडक चॉकलेटी आहे, पण खाच काही बुजलेली नाही. तशीच गुळगुळीत, तशीच गार.

नोव्हेंबरात मी नगरला येते ती आईवडलांच्या आणि आत्याच्या कबरीवर मेणबत्त्या लावायला. कबरस्तानातून निघालं की पाय देवळाकडं वळतात. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. आई म्हणायची, आत्या म्हणायची, म्हणून मीही म्हणते. सून हसते, हसू दे बापडी. देऊळ आता चकचकीत झालंय. आत पंखे, स्टीलचे कठडे, बसायला नवे गुबगुबीत बाक. आणि हे एक जुनं बाकडं तेवढं बाहेर, चपलांच्या राशीशेजारी. माझ्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून उभ्यानं चपला काढणं जमत नाही, तेव्हा सोय चांगली आहे म्हणायची. पण हे बाकडं असं बाहेर बघून वाईट वाटलं, हेही खरं.

सत्तर सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. मी दहा-अकरा वर्षांची, दोन वेण्या, आणि जिभेला सतत प्रश्नांची खाज. शहर संपून लष्कराचा क्यांप सुरू होतो त्या वळणावर आमचं देऊळ होतं. काळ्या दगडाचं, वर कौलं, कौलांत पारवे. आत शिरलं की आधी वास यायचा. मेणाचा, उदाचा, ओल्या दगडाचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी वटवाघळांचा. सिस्टर लोकांनी किती का धूप जाळेना, वटवाघळं आपली जागा सोडत नसत. शेवंतीच्या दिवसांत वेदीवर पिवळ्या शेवंतीचे हार चढले की तेवढे दिवस वटवाघळांचं काही चालायचं नाही. पलीकडच्या मैदानावरून लष्कराचा बिगुल ऐकू यायचा. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, चालू असताना बिगुल वाजला की आमच्यातले म्हातारे पेन्शनर शिपाई डोळे मिटल्या मिटल्या ताठ व्हायचे. मी त्यांच्याकडंच बघत बसायचे आणि आई माझ्या मांडीला चिमटा काढायची.

भिंतींवर संगमरवरी पाट्या होत्या. मला नुकतीच इंग्रजी अक्षरं जुळवता येऊ लागली होती, त्यामुळे प्रवचन लांबलं की मी पाट्या वाचायला घ्यायचे. नाव, पलटण, वय. वीस-बावीस वर्षांची पोरं, पटकीनं नाहीतर तापानं गेलेली. कुठली कुठं आली आणि आमच्या नगरच्या उन्हात मेली. त्यांच्या आयांना नगर कुठं आहे हे तरी ठाऊक होतं का, असा विचार मनात यायचा आणि मग प्रवचन संपल्याचं कळायचंच नाही. सगळे उभे राहायचे, मी बसलेलीच.

देऊळ या पोरांसाठी बांधलं होतं, एवढं सगळ्यांना मान्य होतं. त्यापुढं ज्याचा त्याचा इतिहास. पुढच्या बाकावर बसणारे गोव्याचे फर्नांडिस अंकल सांगायचे की त्यांचे आजोबा पलटणीच्या बँडमध्ये होते आणि त्यांनी वर्गणी काढली म्हणून देऊळ उभं राहिलं. माझे वडील लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर. ते म्हणायचे, वर्गणीबिर्गणी काही नाही, कुठल्याशा कर्नलच्या बायकोचा नवस होता. खरं काय ते दगडांना माहीत. मला त्या मोठ्या इतिहासाचं तसं काही नव्हतं. मला खाचांचं कोडं पडलं होतं.

बाक सगळे सागवानी, जुने, रांगेनं वेदीपासून मागच्या खांबापर्यंत. प्रत्येकाच्या पाठीला, वरच्या फळीवर, ठरावीक अंतरावर अर्धगोल खाचा. मागच्या बाकावर बसलेल्याच्या बरोबर तोंडासमोर याव्यात अशा. पावसाळ्यात आम्ही पोरं त्यात छत्र्या अडकवायचो. आईला विचारलं तर म्हणाली, छत्र्यांसाठीच असतील. वडील म्हणाले, सुताराची हौस, दुसरं काय. फर्नांडिस अंकलनी मात्र छातीठोकपणे सांगितलं की मिरवणुकीतल्या उंच मेणबत्त्या ठेवायला. मग मी म्हाताऱ्या फादरना गाठलं.

म्हातारे फादर तरुणपणी युरोपातून आले आणि नेवासा, पाथर्डीकडच्या खेड्यांत सायकलवर हिंडून मराठी शिकले. त्यामुळे निळे डोळे, छातीपर्यंत पांढरी दाढी, आणि तोंडात अस्सल तिकडची बोली. शाळा तपासायला आलेले साहेब त्यांचं पहिलं वाक्य ऐकलं की दचकायचे. मी विचारल्यावर त्यांनी मला बाकावर बसवलं, हातातली काठी समोरच्या खाचेत टेकवली आणि म्हणाले, "ही बंदूक. कळ्ळं?"

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. सत्तावन्नच्या बंडात असं झालं होतं म्हणे, की गोरे शिपाई रविवारी रिकाम्या हातांनी प्रार्थनेला बसतात हे हेरून त्यांच्यावर चाल करायचं ठरलं होतं. तेव्हापासून हुकूम निघाला, देवळात बसायचं ते बंदूक जवळ घेऊनच. दस्ता पायाशी, नळी खाचेत. मी म्हटलं, देवाला भेटायला येताना बंदूक कशाला? फादरनी दाढी कुरवाळली. "भ्यालेली मानसं हुती, पोरी. लई भ्यालेली."

त्यानंतर कितीतरी रविवार मला त्या खाचांत नळ्या दिसायच्या.

आता आत्याचं सांगायला हवं. मार्थाआत्या म्हणजे माझ्या वडलांची मोठी बहीण. पन्नाशीची, काटक, लवकर विधवा झालेली. इस्पितळात आया होती आणि आमच्याकडंच राहायची. तिच्या हातांना कायम फिनेलचा वास. बोलणं कमी, पण जे बोलेल ते अंगाला लागेल असं. वडील घरात कुणाला भ्यायचे असतील तर तिला. ती देवळात सगळ्यात शेवटच्या बाकावर बसायची, मधल्या वाटेच्या कडेला. पुढं जागा असली तरी पुढं नाही. कुणी पाहुण्यानं तिची जागा घेतलेली असली तर ती शेजारी नुसती उभी राहायची, तो सरकेपर्यंत.

आणि तिचं आणखी एक होतं. दुष्काळाचं ते वर्ष. खेड्यांतून माणसं शहराच्या आसपासच्या कामांवर आली होती, खडी फोडायला. रविवारी त्यांतली ख्रिस्ती माणसं देवळात यायची. आपल्या गावच्या सवयीनं ती शेवटच्या बाकाच्याही मागं, खांबापाशी फरशीवर बसायला जायची. तशी कुणी बसू लागली की आत्या उठायची. मिस्सा चालू असो नाहीतर फादर वेदीवर काहीही करत असोत, ती जायची, दंडाला धरून माणूस उठवायची आणि म्हणायची, "खाली न्हाई. हितं बसा." मग आपण सरकून जागा करायची. तिसगावकडची आमची रूथकाकू पहिल्यांदा आली तेव्हा अशीच उठवून आणली. काकू बाकाच्या अगदी कडेवर, पाखरू बसावं तशी बसली होती. तिच्या हातांना खडीनं चिरा पडलेल्या होत्या आणि ते हात कुठं ठेवावेत हे तिला सुचत नव्हतं.

लोक एवढे ऐसपैस खाली बसायला बघतात तर ही त्यांना का उठवते, हे मला कळायचं नाही. विचारलं की आत्या म्हणायची, गप बस, प्रार्थना कर.

म्हातारे फादर थकले म्हणून त्यांना विश्रांतीला पाठवलं आणि नवे फादर आले. तरुण, पुण्याला शिकलेले, गळ्यात छान सूर. आल्या आल्या त्यांनी तबला-पेटी आणली, पोरांची भजनी मंडळी जमवली. लॅटिन प्रार्थना तर आधीच गेल्या होत्या, आता इंग्रजी गाणीही मागं पडली. आम्ही पोरं त्यांच्यावर जीव टाकायचो. आई म्हणायची, किती दिवसांनी देवळात आपल्या घरात बसल्यासारखं वाटतंय.

एका रविवारी त्यांनी प्रवचनात विषय काढला. म्हणाले, आपण या मातीतली माणसं. आपला माणूस देवापुढं मांडी घालून बसतो. हे बाक आपले नाहीत, ते गोऱ्या पलटणीचे आहेत, त्यांच्या बंदुकांच्या खाचा अजून त्यावर आहेत. तर पुढच्या रविवारपासून बाक काढून टाकू, सतरंज्या अंथरू, गरीब-श्रीमंत सगळे एका पंगतीला बसू. कुणी पुढं नाही, कुणी वर नाही.

माझी मान अभिमानानं ताठ झाली, कारण खाचांचं मला आधीच माहीत होतं. आणि सतरंजीवर बसायचं म्हणजे चंगळच. फर्नांडिस अंकलचा चेहरा उतरला, पण बाकी सगळ्यांच्या माना डोलत होत्या. खरं सांगायचं तर नव्या फादरचं म्हणणं चांगलंच होतं. आजही मला ते चांगलंच वाटतं.

मिस्सा संपल्यावर व्हरांड्यात लोक त्यांच्याभोवती जमले. आत्या गर्दीतून वाट काढत त्यांच्यासमोर गेली. मी तिच्या पदराला धरूनच होते.

"फादर, जमिनीवर बसायला आमाला शिकवू नका. आमी तितूनच उठून आलोय."

फादर हसले. रागावले नाहीत, तो त्यांचा स्वभावच नव्हता. म्हणाले, आत्या, मीसुद्धा खालीच बसणार आहे की. सगळेच बसू.

"तुमी बसाल हो," आत्या म्हणाली. "आमाला बसवलं हुतं."

तिनं पदर माझ्या हातातून ओढून घेतला आणि चालू लागली. मागं कुणीतरी म्हणालं, म्हातारीला बाकाची सवय झाली आहे, दुसरं काय. फादर मात्र तिच्या पाठीकडं बघत राहिले होते.

त्या आठवडाभर आत्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी तिच्याभोवती घोटाळत राहिले. एका दुपारी ती अंगणात सुपात मिलो निवडत होती. मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळायची ती परदेशी लाल ज्वारी. तिच्या भाकरीचा वास मला अजून नको वाटतो. सुपातल्या खड्यांचा आवाज होता आणि मी विचारलं, आत्या, तुम्हाला कुणी बसवलं होतं खाली? मला वाटलं होतं, गप बस म्हणेल. पण तिनं सूप खाली ठेवलं.

तिनं सांगितलं ते असं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गावाबाहेरच्या वस्तीतले. कुठल्याशा आधीच्या दुष्काळात ते पोराबाळांना घेऊन नगरला आले आणि क्यांपात एका साहेबाचे घोडे सांभाळू लागले. ख्रिस्ती गावाकडंच झाले होते, म्हणून रविवारी देवळात यायचे. गावात त्यांची जागा तिथल्या हिंदू देवळाच्या पायरीखाली होती, इथं ती शेवटच्या बाकामागं, खांबापाशी मिळाली. गोणपाट घरून आणायचं, अंथरायचं, मिस्सा संपला की गुंडाळून न्यायचं. तिथून आत्याला वेदी दिसायची नाही. दिसायच्या त्या बाकांच्या पाठी, शिपायांच्या लाल माना आणि खाचांत उभ्या नळ्या. तिला वाटायचं, बंदुकाही प्रार्थनेला आल्यात. शेवटच्या बाकाच्या खाचा मात्र रिकाम्या असायच्या, कारण त्याच्या मागं शिपाई नव्हते, ही माणसं होती. अख्खं लहानपण तिनं त्या रिकाम्या खाचा बघत काढलं. एकदा उभं राहून खाचेत बोट घातलं तर आईनं तोंड दाबून खाली बसवलं.

मग स्वातंत्र्य आलं आणि गोरी पलटण गेली. इथं आत्या थांबली आणि तिला हसू आलं. मी म्हटलं, काय झालं?

झालं असं की शिपाई गेले, बाक रिकामे झाले, आणि माणसं तरी खालीच बसत राहिली. पुढं दोन-चार गोव्याची कुटुंबं, मध्ये सगळे बाक मोकळे, आणि खांबामागं गर्दी इतकी की पाय ठेवायला जागा नाही. फादर त्या रिकाम्या लाकडांपुढं प्रवचन द्यायचे. वर बसू नका असं कुणी म्हणत नव्हतं. बसा, असंही कुणी म्हणत नव्हतं. कितीतरी महिने हे असंच चाललं होतं. आत्याचं तेव्हा लग्न झालेलं होतं, पहिलं मूल पोटात होतं, पाय सुजलेले. एका रविवारी ती गोणपाटावरून उठली, बाकाला वळसा घालून पुढं आली आणि शेवटच्या बाकावर बसली.

"का गं?" मी विचारलं.

"बघायचं हुतं, काय हुतंय ते."

"मग काय झालं?"

"काय न्हाई." तिनं सूप परत मांडीवर घेतलं. "पाट दुखायची थांबली."

पण त्या रविवारी तिच्या शेजारी कुणी येऊन बसलं नाही. तिची आईसुद्धा नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिच्या मानेवर मागचे सगळे डोळे टोचायचे म्हणाली. पुढं कधीतरी एक बाई आली, मग तिचा नवरा, आणि असे हळूहळू बाक भरत गेले. पोटातलं ते मूल जगलं नाही. हे तिनं मिलोतले खडे वेचता वेचता सांगितलं, त्याच आवाजात. मी सुपात हात घातला आणि तिच्याबरोबर खडे वेचू लागले.

शनिवारी संध्याकाळी तरुण मंडळी बाक बाहेर काढायला जमली. आम्ही पोरंही होतोच, उगीच लुडबुड करायला. जड सागवान, एकेक बाक उचलायला चौघं लागायची. फरशीवर बाकांच्या पायांचे पांढरे ठसे उमटलेले निघाले, आणि त्यांच्यामधून वर्षानुवर्षांची धूळ, गळालेले मणी, शेवंतीच्या वाळक्या पाकळ्या. ओळीनं सगळे बाक व्हरांड्यात गेले. शेवटच्या बाकापाशी येऊन मंडळी थांबली. त्यावर आत्या बसली होती, हातात जपमाळ.

पोरं अदबीनं उभी राहिली. माळ संपली. आत्यानं क्रूसाचं चुंबन घेतलं आणि दुसरी माळ सुरू केली. कुणीतरी खोकललं. प्रार्थना करणाऱ्या बाईला ऊठ म्हणणार कोण? नवे फादर आले, त्यांनी बघितलं, खूण करून पोरांना घरी जायला सांगितलं. तेवढं एक बाकडं राहिलं.

रविवारी देऊळ ओळखू येत नव्हतं. लाल-निळ्या पट्ट्यांच्या सतरंज्या, उदबत्त्यांचा वास, पुढं तबला-पेटी, सगळी माणसं मांडी घालून. आवाजसुद्धा निराळा घुमत होता. आणि मागं, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, आत्या. एकटी. मी मागं वळून पाहिलं. असंच ती एकदा बसली होती, हे तिथल्या पोरासोरांत फक्त मलाच ठाऊक होतं. तिची मान ताठ होती, पण हात पदराशी चाळा करत होते. माझ्या आत्याला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

आईचा हात सोडवून मी उठले. तिच्यावरच्या मायेनं उठले म्हणायला हवं, पण खरं म्हणजे तिथून काय दिसतं ते बघायचं होतं. जाऊन तिच्याशेजारी बसले. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, नुसती सरकली.

तिथून सगळ्यांची डोकी दिसत होती. वडलांचं टक्कल, फर्नांडिस अंकलची अवघडून एका कुशीला टाकलेली मांडी, आणि वळून पाहिलं तर बाकाच्याही मागं, खांबापाशी, खडीवाल्या बाया. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना मागं बसायला. सतरंजी पुढंही मोकळी होती. रूथकाकू एका हातानं फरशीचा आधार घेत पाय लांब करायला बघत होती. आठवडाभर खडीच्या ढिगाऱ्यावर उकिडवं बसून तिची कंबर धरलेली असणार. पाय लांब होईनात, तशी ती परत आवरून बसली. मग तिनं आमच्याकडं पाहिलं. आत्या या वेळी उठली नाही, दंडाला धरायला गेली नाही. नुसती आणखी थोडी सरकली. काकू खांबाला धरून उठली, लुगडं झटकलं, आणि सगळ्यांच्या देखत येऊन बाकावर बसली. टेकून बसली. तिच्या तोंडून हुश्श निघालं ते प्रवचन थांबलेलं असताना, त्यामुळे वेदीपर्यंत ऐकू गेलं.

नवे फादर पुढचं वाक्य विसरले. क्षणभर ते त्या बाकाकडं बघत राहिले, मग खांबामागच्या बायांकडं, मग परत बाकाकडं. मग प्रवचन तिथंच संपवून त्यांनी प्रार्थना सुरू केली.

मिस्सा झाल्यावर ते सरळ मागं आले आणि आत्याशेजारी बसले. माझे कान नुसते टवकारलेले. त्यांनी विचारलं, "आत्या, बाक परत आणायचे तर कसे मांडू?"

आत्यानं खांबाकडं बोट दाखवलं. "मागून मांडत या."

आणि तसंच झालं. पहिलं बाकडं आत्याचं उचललं, एक टोक स्वतः फादरनी धरलं होतं. ते खांबाच्याही मागं, अगदी भिंतीला टेकवून ठेवलं, जिथं पूर्वी गोणपाट असायचं. तिथून पुढं एकेक बाक लागत आला. पुढं, वेदीपाशी, बरीच जागा मोकळी उरली, तिथं सतरंज्या. त्यावर भजनी मंडळी, आम्ही पोरं, आणि ज्याला हौस असेल तो. नवे फादर प्रवचनानंतर तिथंच येऊन मांडी घालून बसायचे. दाराशी येणाऱ्या माणसाला आता आधी बाकच लागायचा. खांबामागं फरशीच उरली नव्हती, त्यामुळे खाली बसायचं तर सगळं देऊळ ओलांडून, वेदीपुढं जाऊन बसावं लागे. आत्या मरेपर्यंत त्या भिंतीलगतच्या बाकावर बसली. तिच्या पाठीच्या खाचा भिंतीकडं तोंड करून होत्या. तिथं कुठलीच बंदूक कधी उभी राहणार नव्हती.

हे सगळं कुठंही लिहिलेलं नाही. देवळाच्या इतिहासात बिशप येतात, फादर येतात, घंटा कुठून आणली ते येतं. बाकडं कुणी कुठं सरकवलं, ते कोण लिहिणार?

"आजी, बऱ्या आहात ना? पाणी आणू?"

मी दचकले. आताचे फादर, माझ्या मुलापेक्षाही लहान, जीन्स आणि चपला, हातात मोबाईल. मी म्हटलं, बरी आहे, बाकड्याला भेटायला आले. त्यांचे डोळे एकदम चमकले. म्हणाले, रंगकामासाठी ते तात्पुरतं बाहेर काढलंय, लवकरच आत घेऊन दाराशी मांडणार, त्यावर माहितीची पाटीही लावणार. मागच्या भिंतीलगतचा तेवढा एकच जुना बाक उरलाय, बाकीचे वाळवीनं गेले. या खाचा आहेत ना आजी, या बंदुकांसाठी होत्या, असं त्यांनी मला कौतुकानं सांगितलं. मी म्हटलं, हो का? मग त्यांनी विचारलं, तुम्ही जुन्या इथल्या, यावर कुठल्या पलटणीचे शिपाई बसायचे याचं काही कानावर आलंय का?

"पलटणीचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "यावर माझी आत्या बसायची."

त्यांचा अंगठा मोबाईलवर थांबला. शिपायांचं काही मिळेल म्हणून विचारलं आणि ही म्हातारी आत्याचं सांगतेय, असं वाटलं असेल. पण पोरगा शहाणा होता. त्यानं मोबाईल खिशात टाकला, म्हणाला, कोण होत्या त्या, सांगा ना. आणि वडीलधाऱ्या बाईसमोर बसायचं म्हणून तो मोठ्या आदरानं खाली, माझ्या पायाशी, व्हरांड्याच्या पायरीवर टेकायला लागला.

माझा हात माझ्याआधी पुढं गेला. मी त्याला दंडाला धरून उठवलं.

"खाली न्हाई," मी म्हटलं, आणि सरकले. "हितं बसा."